ब्रायडीची थोरली

अमेरिकेहून परत आल्यापासून सांगलीत मला एकच प्रश्न विचारतात. भाजीवालीपासून बँकेतल्या शिपायापर्यंत सगळे म्हणतात, “मग सिस्टर, नायगारा पाहिला का?” नाही पाहिला म्हटलं की समोरच्याचा चेहराच उतरतो. पाच महिने राहून ही बाई तिकडं नुसत्या पोळ्या लाटून आली की काय, असं त्यांना वाटत असणार.

खरं तर नायगाऱ्याजवळचं हॉटेल बुक झालं होतं. ते कॅन्सल केलं आणि आम्ही शॉमबर्गला गेलो. शिकागोजवळचं हे गाव. तिथं बघण्यासारखं काय आहे म्हणाल तर काही नाही. ऑफिसं, त्याहून मोठी पार्किंगची मैदानं आणि एक अवाढव्य मॉल. पण त्या प्रवासात मी जे पाहिलं, ते धबधब्याखाली रेनकोट घालून उभं राहून दिसलं नसतं. म्हणून लिहायला बसले. भाजीवालीला उभ्या उभ्या सांगण्यातली ही गोष्ट नाही.

डब्लिन, ओहायो

माझा मुलगा निखिल आणि सून ऋता ओहायो राज्यातल्या डब्लिनमध्ये राहतात. आयर्लंडची राजधानी ती वेगळी, हे निघण्याआधी मला सगळ्या नातेवाइकांना समजावून सांगावं लागलं. नावाला जागून या गावानं आयर्लंडचा हिरवा रंग बराच मिरवलाय. पण संध्याकाळी फिरायला बाहेर पडलं की “काय काकू, जेट लॅग गेला का?” असं विचारणारीच मंडळी जास्त भेटतात. कुणी कोथरूडचं, कुणी डोंबिवलीचं, आणि आमच्या सूनबाईंसारखे नागपूरकर तर गल्लोगल्ली.

शेजारच्या घरात मॉरीन राहते. वय बासष्ट, शाळेच्या लायब्ररीतून निवृत्त, नवरा चार वर्षांपूर्वी गेला, मूलबाळ नाही. आमची ओळख सांडग्यांमुळं झाली. ऑगस्टचं ऊन वाया जाऊ नये म्हणून मी मागच्या लाकडी डेकवर जुन्या चादरीवर सांडगे घातले होते. ही बाई कुंपणापाशी येऊन फार अदबीनं म्हणाली, की पक्ष्यांना असं खायला ठेवलं तर रात्री रकून नावाची चोरटी जनावरं येतात. पक्ष्यांना! मी तिला हातानंच थांब म्हटलं, आत जाऊन चार सांडगे तळून आणले आणि तिच्या हातावर ठेवले. तिनं एक खाल्ला. मग उरलेले तीन खाल्ले. दुसऱ्या दिवशी मनुका घातलेला घरचा पाव घेऊन आली. त्यानंतर आम्ही रोज सकाळी बरोबर फिरायला लागलो.

माझं इंग्रजी वॉर्डातलं. ‘टर्न धिस साइड’, ‘डीप ब्रेथ’ इथपर्यंत पक्कं, पुढचं रामभरोसे. पण मॉरीन सावकाश बोलायची आणि मला बोलायला कुणीतरी हवंच असतं. आमचे हे म्हणायचे, शैला भिंतीशीसुद्धा तासभर बोलेल, आणि भिंत कंटाळेल.

सप्टेंबरात एका सकाळी ती फिरायला न येता थेट दारात उभी राहिली. हातात एक निळसर पाकीट. मी तिला स्वयंपाकघरात बसवलं, चहा टाकला. ऋताची घरूनच मीटिंग चालू होती. मॉरीनचा चेहरा बघून तिनं लॅपटॉप मिटला.

मग मॉरीननं सगळं सांगितलं. तिचा जन्म आयर्लंडमधला. लग्न न होता दिवस राहिलेल्या मुलींसाठी तिकडं चर्चनं चालवलेली घरं होती, तशा एका घरात ती जन्मली. पोट दिसायला लागलं की बाप किंवा गावचा पाद्री मुलीला तिथं नेऊन सोडायचा. दारातच तिचं नाव बदलायचं. मग तिनं कपडे धुवायचे, फरश्या पुसायच्या, एकमेकींशी बोलायचं नाही. बाळ झालं तरी सुटका नाही. मूल दोन-अडीच वर्षांचं होईपर्यंत ती तिथंच राबायची आणि ठरल्या वेळी त्याला दूध पाजायला जायची. आणि एक दिवस मोटार यायची. कितीतरी मुलं अशी विमानानं अमेरिकेत आली, इथल्या कॅथलिक घरांत वाढली. कितीतरी तिथंच दगावली, त्यांच्या थडग्यावर साधा दगडसुद्धा नाही. बरीच वर्षं याबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. मॉरीनचे आईवडील, म्हणजे ओहायोतले, चांगले होते. पण त्यांनाही फारसं माहीत नव्हतं. त्यांच्याकडं आलेला कागद होता, त्यावर आईची सही होती : मी या मुलीवर पुन्हा कधीही हक्क सांगणार नाही.

नवरा गेल्यावर मॉरीननं ती थुंकीची तपासणी केली. इकडं डबीत थुंकून पोस्टानं पाठवतात आणि तिकडून तुमचे भाऊबंद कळतात. आयर्लंडमधली एक चुलत मावसबहीण सापडली. तिनं मॉरीनच्या आईला गुपचूप निरोप पोचवला. आणि निघालं काय, तर आई जिवंत होती, आयर्लंडमध्ये नव्हतीच. एवढी वर्षं ती अमेरिकेतच होती! मॉरीनला पाठवल्यावर वर्षा-दोन वर्षांत ती शिकागोला आली, लग्न केलं, संसार केला. नाव ब्रायडी, वय एक्याऐंशी, आता शॉमबर्गच्या एका वृद्धनिवासात. मोटारीनं सहा तासांवर.

पाकिटात ब्रायडीचं पत्र होतं. मॉरीननं वाचून दाखवलं. ये, मला तुला बघायचंय. शुक्रवारी दुपारी ये, त्या दिवशी माझी मुलं येत नाहीत. त्यांना काही माहीत नाही आणि या वयात सांगायचं धैर्य माझ्यात नाही. कुणी विचारलं तर माझ्या गावाकडच्या मैत्रिणीची मुलगी आहेस म्हणून सांग. तासभर बस.

“तासभर,” मॉरीन म्हणाली. “साठ वर्षांनी एक तास. आणि तोही दुसऱ्या कुणाची तरी मुलगी म्हणून.”

ती रडत नव्हती, मीच रडत होते. तिचा नुकता मोतीबिंदू काढलेला, हायवेवर गाडी चालवायची परवानगी नाही. ऋतानं कॅलेंडर उघडलं आणि बंद केलं. “आई, नायगारा कुठे पळून चाललाय का? निखिलला मी सांगते. आपण नेऊ हिला.”

सून कशी असावी याबद्दल माझी काही मतं होती. त्या दिवशी मी ती सगळी गुंडाळून ठेवली.

इंडियाना

पहाटे पाचला निघालो. मी दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि दह्याचा डबा घेतला होता. मॉरीननं अंड्याची सँडविचेस, कापलेली सफरचंदं आणि थर्मासभर काळा चहा. मागच्या सीटवर आम्ही दोघी आणि आमच्या मधोमध जेवणाची पिशवी.

इंडियाना म्हणजे मका. डावीकडं मका, उजवीकडं मका, समोर सरळसोट रस्ता. आपल्याकडं एवढ्या प्रवासात चार घाट, दोन देवळं आणि एक रास्ता रोको होऊन गेला असता. इथं माणूस म्हणून दिसत नाही. पीक कोण काढतं, देव जाणे.

मॉरीननं पर्समधून एक जुना पासपोर्ट काढून मला दाखवला. आत अडीच वर्षांच्या मुलीचा फोटो. गोल चेहरा, कपाळावर आडवे कापलेले केस, अंगात जाड कोट. या पासपोर्टावर ते एवढंसं पोर एकटं विमानात बसून आलं. बरोबर कोण, तर इतर चार मुलं आणि एक परकी बाई.

“मला काही आठवत नाही,” ती म्हणाली. “लहानपणी मोटारीचं दार धाडकन लागलं की मी किंचाळायचे, असं माझी ओहायोची आई सांगायची.”

मला त्या फोटोकडं बघवेना. खरं सांगते, मी उठून पळाले असते, पण ऋता ताशी सत्तर मैलांनी चालली होती.

मी नोकरीची पहिली अकरा वर्षं आमच्या भागातल्या एका महिलाश्रमाच्या प्रसूतिविभागात काढली. हे मी कुणाला फारसं सांगत नाही. आमच्याकडंही मुली यायच्या. पाचव्या-सहाव्या महिन्यात, चेहऱ्यावर ओढणी घेऊन. घरी सांगितलेलं असायचं, मामाकडं शिकायला गेलीय. आमच्याकडंही नाव बदलायचं. फरक एवढाच, की आयर्लंडात आईला मूल दोन वर्षं सांभाळू देत आणि मग नेत. आम्ही बघूसुद्धा देत नव्हतो. मूल झालं की मी ते फडक्यात गुंडाळून पलीकडच्या इमारतीत न्यायची. बघितलं की माया लागते, असं आमच्या मोठ्या बाई म्हणायच्या, आणि मला ते पटायचं. दूध येऊ नये म्हणून मुलींच्या छातीला घट्ट पट्टा बांधायचो. तापानं फणफणायच्या बिचाऱ्या. यातलं कुठलं कमी क्रूर, मला आजही ठरवता येत नाही.

हे सगळं मी मॉरीनला सांगितलं. माझं इंग्रजी अडलं तिथं ऋतानं पुढून सांगितलं. तिलाही हे ठाऊक नव्हतं.

“एक मुलगी होती,” मी म्हटलं. “मिरजेकडची. सतरा वर्षांची असेल. मी बाळ उचललं तर तिनं माझ्या पदराला धरलं. म्हणाली, सिस्टर, मुलगा का मुलगी, तेवढं सांगा. मी बाकी काही मागत नाही.”

“मग?”

“सांगायचं नाही असा नियम होता. मी नाही सांगितलं.”

मॉरीन खिडकीबाहेर बघत राहिली. मका संपला आणि पवनचक्क्या सुरू झाल्या. शेकड्यांनी उभ्या, सगळ्या फिरतायत, आवाज नाही. मला वाटलं, संपलं. आता ही बाई परत माझ्याशी बोलणार नाही, आणि का बोलावं तिनं?

बऱ्याच वेळानं तिनं विचारलं, “ती आत्ता भेटली तर सांगशील?”

“सांगेन. मुलगी होती. चांगली सहा पौंडांची. जावळ दाट होतं.”

“ठीक आहे,” मॉरीन म्हणाली, आणि पिशवीत हात घालून माझी दशमी काढली. “हे कशाशी खातात?”

दह्याशी, म्हणून मी डबा उघडायला घेतला तर झाकण आधीच सैल झालेलं. अर्धं दही पिशवीत, अर्धं ऋताच्या नव्याकोऱ्या सीटवर. “आई!” ऋता ओरडली. “यार, लीजची गाडी आहे ही!” पुढच्या विश्रांतीच्या थांब्यावर आम्ही तिघी कागदी टॉवेल घेऊन सीट पुसत बसलो, आणि पुसता पुसता मॉरीनला हसू फुटलं. मलाही. दोन म्हाताऱ्या दह्यात हात घालून हसतायत आणि एक ट्रकवाला चहा पीत आमच्याकडं बघतोय. छातीवरचा दगड जरा हलला.

शिकागो जवळ आल्यावर ऋतानं आरशातून माझ्याकडं बघितलं. “आई, एक रिक्वेस्ट आहे. तुम्ही रागावू नका हं. आत गेल्यावर तुम्ही फक्त हॅलो म्हणायचं आणि बसायचं. जास्त बोलायचं नाही.”

“मी कशाला आत? मी गाडीत बसते.”

“नाही,” मॉरीननं माझा हात धरला. “आत मला काही झालं तर? तू नर्स आहेस. तू चल.”

शॉमबर्ग

वृद्धनिवास म्हटल्यावर माझ्या डोळ्यांपुढं खाटांची रांग होती. इथं हॉटेलसारखा दिवाणखाना, कोपऱ्यात पियानो, माशांची मोठी काचेची पेटी. पण वास शेवटी तोच. फिनाइल, उकडलेल्या भाज्या आणि म्हातारपण. वास सगळ्या जगात सारखाच असतो.

दुसऱ्या मजल्यावरच्या खोलीचं दार अर्धवट उघडं होतं. आत खिडकीशी एक इवलीशी बाई बसली होती. पांढरे केस नुकतेच सेट केलेले, ओठांना फिकट लाली, मोरपंखी स्वेटर. नटली होती हो! मुलाखतीला बसावी तशी ताठ. आणि तिच्या शेजारच्या खुर्चीत दुसरी एक बाई, साठीच्या अलीकडची, धिप्पाड, मांडीवर गाडीची किल्ली.

“या, या!” धिप्पाड बाई उठली. “मी कॅथी, हिची मुलगी. काल आईनं केस सेट करून घेतले म्हणून कळलं. वर्षभरात घेतले नव्हते. म्हटलं, कोण एवढं खास येतंय बघावं तरी, म्हणून हाफ डे टाकला.”

मेलो! शुक्रवारी मुलं येत नाहीत, असं पत्रात होतं. ब्रायडीचा चेहरा पांढराफटक. तिची नजर मात्र मॉरीनवरून हलेना. कपाळ, डोळे, हनुवटी. भुकेल्या माणसानं ताटाकडं बघावं तशी बघत होती. मला तर दोघींची हनुवटी दारातूनच दिसली होती. कॅथीला कशी दिसत नाही, मी घाबरून मनात म्हणत होते.

बसलो. कॅथीनं चहा ओतला. ऋता अवघडून कॉटच्या कडेला टेकली. मी हॅलो म्हटलं आणि ठरल्याप्रमाणं गप्प बसले.

“म्हणजे तुम्ही आईच्या गावाकडच्या मैत्रिणीची मुलगी,” कॅथी म्हणाली. “गंमत आहे. आईनं कधी मैत्रिणीचं नावच काढलं नाही. गावाबद्दल ती बोलतच नाही. काय नाव तुमच्या आईचं?”

मॉरीन लाल झाली. ही बाई पस्तीस वर्षं पोरांना पुस्तकं देत बसली, खोटं बोलायची सवयच नाही. तिनं कप उचलला, ठेवला. तिच्या आईचं नाव ब्रायडी होतं आणि ब्रायडी समोर बसली होती. काय सांगणार? दोन सेकंद गेले, चार गेले. कॅथीच्या कपाळावर आठी पडली.

आता मला सांगा, अशा वेळी आपण काय करतो? विषय बदलतो. सांगलीत हळदीकुंकवाला दोन बायकांची जुंपायला लागली की मी हेच करते. काहीतरी साधं, बिनविषारी विचारायचं. आणि आपल्याकडं अनोळखी बाईला विचारायचा सगळ्यात बिनविषारी प्रश्न कुठला? माझ्या तोंडून तो निघूनच गेला. ऋताचा हात माझ्या दंडापर्यंत पोचायच्या आत.

“मग ब्रायडीताई,” मी म्हटलं, “तुम्हाला मुलं किती?”

ऋतानं डोळे मिटून घेतले. ओहायोत इतक्या महिन्यांत एकाही बाईनं दुसरीला असं विचारलेलं मी ऐकलं नव्हतं, हे मला तेव्हा आठवलं. शब्द परत घेता आले असते तर जमिनीवर लोळून घेतले असते.

“तीन,” कॅथी सवयीनं म्हणाली. “मी थोरली, आणि पाठचे दोघं भाऊ.”

ब्रायडीनं कप बशीत ठेवला. जपून, आवाज न करता.

“चार,” ती म्हणाली.

“आई, तीन. मी, मायकल आणि टॉम.”

“कॅथी, तू नव्हतीस तेव्हा. मी होते. चार.” तिचा आवाज बारीक होता पण थरथरत नव्हता. “पहिली मुलगी झाली. मला एकोणीस पुरी व्हायची होती. ही बघ. ही बसलीय.”

कॅथीनं मॉरीनकडं बघितलं. आता तिला हनुवटी दिसली असावी. ती उठली आणि बाहेर गेली.

माझं काय झालं ते काय सांगू! साठ वर्षांनी मिळालेला एक तास, आणि मी तो पाच मिनिटांत उधळला. कुणी मला ऐनवेळी पिठाच्या डब्यात कोंबलं असतं तरी चाललं असतं. तेवढ्यात माझं लक्ष खुर्चीकडं गेलं. कॅथीची किल्ली तिथंच होती. किल्ली सोडून बाई कुठं लांब जात नाही, असं म्हणत मी स्वतःला धीर दिला.

मॉरीन मात्र उठून ब्रायडीच्या पायाशी गालिच्यावर बसली होती. तिनं पासपोर्ट काढून आईच्या मांडीवर ठेवला. ब्रायडीनं फोटोवर बोट फिरवलं.

“हा कोट,” ती म्हणाली. “त्या सकाळी त्यांनी मला सांगितलं, तूच कपडे घाल हिला, नाहीतर रडेल. मला कळलं होतं. या कोटाला सहा बटणं. मी सगळी चुकीची लावली. एकाचं दुसऱ्यात. मुद्दाम. मग सिस्टर म्हणाली, काढ आणि नीट लाव. मी काढली आणि परत लावली. तेवढाच वेळ जास्त मिळाला.”

मॉरीननं डोकं तिच्या मांडीवर टेकलं आणि मोठ्यानं रडायला लागली. तिला रडताना मी पहिल्यांदा बघितलं. ब्रायडी रडत नव्हती. ती मॉरीनच्या केसांतून हात फिरवत एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होती, “मी सही केली नव्हती ग मनापासून. मी सही केली नव्हती मनापासून.”

आम्ही दोघी उठून बाहेर आलो. ऋता भिंतीकडं तोंड करून डोळे पुसत होती, तिला तिथंच सोडलं. जिन्यापाशी खुर्च्या मांडल्या होत्या, तिथं कॅथी बसली होती. मी तिच्या शेजारी जाऊन बसले. बसायला नको होतं, पण बसले.

“तुम्ही कोण?” तिनं विचारलं.

“शेजारीण.”

“कुठल्या?”

“सांगलीची.”

ती नाकातून हसली, रडण्यातलं हसू. “सांगली म्हणजे कुठं तेसुद्धा मला माहीत नाही. आणि तुम्ही येऊन माझ्या आईला हे विचारलंत.”

“माफ करा. आमच्याकडं विचारतात. सगळे विचारतात.”

“तिला कुणी कधी विचारलंच नाही,” कॅथी म्हणाली. “आता आठवतंय. कुणी विचारलं की डॅड उत्तर द्यायचे. ते गेल्यावर मी द्यायला लागले. ती कधी स्वतः बोललीच नाही. मला वाटायचं, लाजाळू आहे.” तिनं नाक पुसलं. “सत्तावन्न वर्षं मी थोरली आहे. थोरलीला काय काय करावं लागतं, तुम्हाला माहीत आहे?”

आता हे कुणाला विचारावं! पाच भावंडांत मी थोरली. मी तिला सांगायला सुरुवात केली. धाकट्यांची बाळंतपणं, आईचं पथ्य, भावांची भांडणं, कुणाच्या लग्नात कोण रुसलं. ती मान हलवत राहिली. तिचंही तेच. आईचे डॉक्टर, विम्याचे फॉर्म, नाताळचं जेवण, एकमेकांशी न बोलणारे दोन भाऊ आणि मधे ही. ऋता येऊन बघते तर आम्ही दोघी जुन्या मैत्रिणींसारख्या कुरकुरतोय.

मग कॅथी उठली. स्वेटर खाली ओढला आणि खोलीकडं निघाली. मी मागोमाग. दारात थांबून तिनं मॉरीनकडं बघितलं. मॉरीन गालिच्यावरून उठायला लागली, घाबरून, चोरी पकडल्यासारखी.

“बस, बस,” कॅथी म्हणाली. “तू माझ्याहून मोठी ना? नक्की?”

“पाच वर्षांनी,” ब्रायडी म्हणाली.

“छान. मग सोमवारी हिच्या विमा कंपनीला फोन तू करायचास. पाऊण तास होल्डवर ठेवतात. आणि मायकल नि टॉमला थँक्सगिव्हिंगच्या जेवणाला एका टेबलावर बसवायचं कामही तुझं. मी दमले. आता थोरली तू.”

आणि तिनं वाकून मॉरीनला अशी काही मिठी मारली की खुर्ची सरकली. ब्रायडी तेव्हा रडली. इतका वेळ रोखून धरलेलं एकदम सुटलं. मी नर्स, मला असं रडणं ओळखता येतं. यात दुखणं नसतं, दुखणं थांबल्यावर येतं ते रडणं. मी तिला पाणी दिलं, नाडी बघितली. उत्तम होती. एक्याऐंशी वर्षांच्या बाईची एवढी सरळ नाडी मी फार थोड्या वेळा बघितलीय.

तासाचे तीन तास झाले. शेवटी ऋता आणि मी निघालो. मॉरीन आमच्याबरोबर खाली पार्किंगमध्ये आली, ती गाडीतली बॅग काढून घ्यायला. ती आमच्याबरोबर परत येणार नव्हती. कॅथीच्या घरी राहणार होती, रविवारी दोन्ही भाऊ येणार होते. तिनं बॅग उचलली आणि तिच्या कडेला लागलेलं दही रुमालानं पुसलं. डोळे सुजलेले, नाक लाल, आणि चेहरा कसा, तर कुणी दहा वर्षं उतरवून ठेवल्यासारखा.

“कॅथीला दोन मुली आहेत,” ती म्हणाली. “एकीला छोटं बाळ आहे. त्या मला काय म्हणतील? आँट मॉरीन? ते फार परकं वाटतं. तुमच्याकडं आईच्या बहिणीला काय म्हणतात?”

“मावशी,” मी म्हटलं.

“मावशी.” तिनं दोन-तीनदा म्हणून बघितलं. ‘व’ जरा बोबडा आला, पण आला. “याला काही अर्थ आहे?”

आईसारखी, मी सांगितलं. आईनंतरची पहिली. आमच्याकडं मावशीवर एक म्हणसुद्धा आहे.

“कुठली?”

‘माय मरो, पण मावशी जगो.’ अगदी ओठांवर आली होती. ऋतानं माझ्याकडं बघितलं, तिलाही ती आठवली असावी. वर दुसऱ्या मजल्यावरच्या खिडकीत सेट केलेले पांढरे केस दिसत होते. ब्रायडी काचेला नाक लावून खाली बघत होती, पोर परत वर येतेय ना म्हणून.

“विसरले,” मी म्हटलं. “तू जा वर. तुझी आई वाट बघतेय.”